हुकूम कुणाचा? मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा घटनाक्रम

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात जळून गेलेल्या जहाजांच्या यादीत 'एल हिंद' हे नाव सापडतं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं हे ५,३१९ टनांचं जहाज १९३८ मध्ये हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलं होतं. सहा वर्षांनी ते जळालं तेव्हा त्याचं काम पार बदललेलं होतं. सैन्याला किनाऱ्यावर उतरवणारं 'लँडिंग शिप' अशी त्याची नौदलाच्या यादीत नोंद झाली होती. त्याला पाणबुडीनं गाठलं नाही, विमानानंही नाही. ते आपल्याच बंदरात, आपल्याच बाजूच्या दारूगोळ्यानं पेटवलेल्या वणव्यात गेलं.

युद्धात व्यापारी जहाज दोन वाटांनी लढाईत ओढलं जातं. एक वाट उघड आहे. सरकार जहाज ताब्यात घेतं, त्याला करडा रंग देतं, तोफा बसवतं, वर नौदलाचा अधिकारी नेमतं. एल हिंद या वाटेनं गेलं. दुसऱ्या वाटेत जहाज कागदावर व्यापारीच राहतं, कप्तान व्यापारीच राहतो, फक्त कोठीत पाणतीर, सुरुंग आणि तोफगोळे भरले जातात. 'फोर्ट स्टिकीन' या वाटेनं मुंबईला आलं. पहिल्या प्रकारच्या जहाजावर हुकूम कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या प्रकारच्या जहाजाला आग लागली, तर ते बुडवायचं की बाहेर ओढायचं की विझवायचं, हे ठरवणारा कोण? त्या शुक्रवारी या प्रश्नाचं उत्तर शोधायला सव्वादोन तास मिळाले होते. ते मिळालं नाही.

मी हे भाज्यातून लिहितो आहे. लोहगड आणि विसापूरच्या पायथ्याचं हे गाव. बंदर इथून दिसत नाही, पण गावाची ओळख बंदराशिवाय सांगता येत नाही. कल्याण आणि सोपाऱ्याला उतरलेला माल बोरघाट चढून वर यायचा तो या खोऱ्यातून. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात इथलं लेणं कोरलं गेलं, ते त्या वाटेच्या कडेला. पुढे त्याच वाटेनं रेल्वे आली. भाज्याचं स्टेशन मळवली. युद्धकाळात गोदीतून निघालेला लष्करी माल याच रुळांवरून देहूरोडच्या डेपोकडे आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या बाजूला जायचा. एल हिंदच्या मालकांपैकी वालचंद हिराचंद यांनीही १९२० च्या दशकात याच घाटात रेल्वेच्या बोगद्यांचं काम केलं होतं.

५ एप्रिल १९१९

सिंदिया कंपनीचं पहिलं जहाज 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडला निघालं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी कंपनी नुकतीच काढली होती. इंग्रज जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीत हिंदी माणसांनी शिरायचं ठरवलं होतं. आपण आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच प्रवासाची आठवण म्हणून.

या 'लॉयल्टी'चा पूर्वेतिहास सहसा सांगितला जात नाही. ते मूळचं कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळाचं जहाज केलं आणि त्याला नवं नाव दिलं. म्हणजे सिंदिया कंपनीची सुरुवातच युद्धातून परतलेल्या व्यापारी जहाजावर झाली.

सप्टेंबर १९३९ आणि पुढे

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे लढाऊ जहाजं मोजकी होती. किनारा लांबलचक, गस्तीला बोटी नाहीत. मग कोकण किनाऱ्यावर चाकरमान्यांना नेणाऱ्या आणणाऱ्या आगबोटींवर सरकारची नजर गेली. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी ताब्यात घेतल्या गेल्या. गणपतीला माणसं भरून नेणाऱ्या बोटी गस्तीला लागल्या.

त्यांतल्या 'प्रभावती'चं काय झालं ते इथे सांगितलंच पाहिजे. डिसेंबर १९४१ मध्ये ती दोन तराफे ओढत कराचीकडे चालली होती. जपान नुकताच युद्धात उतरला होता आणि सगळ्यांचीच बोटं चापावर होती. 'ग्लासगो' या ब्रिटिश क्रूझरला रात्रीच्या अंधारात प्रभावती आणि तिच्या लगतचे तराफे मिळून पृष्ठभागावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखे दिसले. सहा इंची तोफांनी तिला बुडवलं. 'पार्वती' त्याआधीच, एप्रिल १९४१ मध्ये, तांबड्या समुद्रात सुरुंगानं गेली होती.

एल हिंदची भरती याच ओघात झाली. सिंदियाचंच यात्रेकरूंसाठीचं दुसरं जहाज 'एल मदिना'. मार्च १९४४ मध्ये ते सैनिक घेऊन बंगालच्या उपसागरातून जात असताना जपानी पाणबुडीनं बुडवलं. शेकडो माणसं गेली. एल हिंद त्यानंतर जेमतेम महिनाभर टिकलं.

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून फोर्ट स्टिकीन ताफ्यात सामील होऊन निघालं. १९४२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स रूपर्ट इथे बांधलेलं ७,१४२ टनांचं हे मालवाहू जहाज. युद्धात बुडणाऱ्या जहाजांची भरपाई करायला कॅनडा एकाच नमुन्याची जहाजं भराभर बांधत होता. त्यांना जुन्या 'फोर्ट' ठाण्यांची नावं दिली जात.

कप्तान होते अलेक्झांडर नेस्मिथ. कोठ्यांमध्ये सुमारे १,३९५ टन स्फोटकं होती. त्यांपैकी २३८ टन सर्वांत संवेदनशील, 'अ' वर्गातली. कराचीसाठी खोक्यांत बांधलेली लढाऊ विमानं आणि ग्लायडर होते. शिवाय सोनं. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, अशा १२४ विटा. युद्धखर्चानं डळमळलेल्या रुपयाला आधार म्हणून त्या मुंबईला पाठवल्या होत्या. दोन नंबरच्या कोठीच्या वरच्या भागात पोलादी टाकीत त्या बंद केल्या होत्या.

३० मार्च ते ९ एप्रिल, कराची

कराचीत विमानं उतरली आणि कोठ्यांत जागा मोकळी झाली. युद्धात रिकाम्या जागेला माफी नव्हती. जहाजं कमी, माल उदंड. कराचीच्या धक्क्यावरून कापसाच्या ८,७०० गाठी चढल्या. तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ, मासळीचं खत असं काय काय भरलं गेलं. हे सगळं जळतं किंवा फुटतं, असं नेस्मिथ यांनी बोलून दाखवलं होतं. पण ना म्हणायची सोय त्यांना नव्हती.

कापूस आणि स्फोटकं एका जहाजावर नेऊ नयेत हा शांततेच्या काळातला साधा दंडक. दोन नंबरच्या कोठीत तळाशी कापसाच्या गाठी आल्या आणि वरच्या मजल्यावर 'अ' वर्गातली स्फोटकं. दोन्हींच्या मध्ये होता एक मजला. पुढचा सगळा अनर्थ या रचनेत आहे. ठिणगी कुणाची होती यापेक्षा मला ही रचना जास्त महत्त्वाची वाटते. ठिणगी कधीतरी पडतेच.

१२ एप्रिल, मुंबई

फोर्ट स्टिकीन व्हिक्टोरिया गोदीच्या धक्का क्रमांक १ ला लागलं. ही गोदी १८८८ ची, शेजारची प्रिन्सेस गोदी १८८० ची. दोन्हींच्या पाठीला मांडवी, मशीद बंदर, दाणा बंदर, चिंचबंदर असा गोदामांचा आणि चाळींचा दाट मुलूख.

जुना नियम असा होता की दारूगोळ्याचं जहाज गोदीत आणायचं नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं करून माल तराफ्यांवर उतरवायचा. युद्धाच्या घाईत तो बाजूला पडला होता. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा, तोही नव्हता. त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांवरच्या खलाशांना शेजारी काय येऊन उभं राहिलं आहे याची कल्पना आली नाही.

१३ एप्रिल

आधी हातात आला तो साधा माल. स्फोटकं उतरवण्याचं काम रेंगाळलं. 'अ' वर्गातला माल धक्क्यावर ठेवता येत नाही, थेट तराफ्यांवरच घ्यावा लागतो. म्हणून सगळं तराफ्यांवर अडलं. शिवाय जहाजाच्या इंजिनाचं दुरुस्तीकाम काढलं होतं. म्हणजे वेळ आलीच, तर ते स्वतःच्या बळावर जागचं हलू शकत नव्हतं.

१४ एप्रिल, दुपारी साडेबारा

जेवणाची सुट्टी झाली. टोळ्या कोठीतून वर आल्या. गोदीतले हे हमाल रोजंदारीचे. टोळीचा मुकादम माणसं गोळा करायचा, हजेरी त्याच्याकडे, पैसेही त्याच्याच हातून. घाटावरून आणि कोकणातून आलेली ही माणसं मांडवीच्या आसपास खोल्यांत दाटीवाटीनं राहायची.

या सुट्टीच्या वेळातच शेजारच्या जहाजांवरच्या काहींना फोर्ट स्टिकीनच्या बाजूनं धुराची बारीक रेघ दिसली होती. त्यांना वाटलं, त्या जहाजावरच्या लोकांना कळलंच असेल. कुणी हाक मारली नाही.

पावणेदोन

दीड वाजता टोळ्या कामावर परतल्या. थोड्याच वेळात दोन नंबरच्या कोठीत डाव्या बाजूला, गाठींच्या खालून धूर येताना हमालांना दिसला. ते ओरडत वर धावले. जहाजावरच्या खलाशांनी आणि धक्क्यावर असलेल्या बंबाच्या माणसांनी नळ सोडले.

दाबून बांधलेल्या कापसाची आग ज्यानं पाहिली नसेल त्याला तिचं स्वरूप समजायला मावळातलं एक उदाहरण पुरेल. भाताच्या तुसाच्या ढिगात विस्तव गेला, की वरून घागरीमागून घागर ओतली तरी आतली धग आपली वाट काढत राहते. गाठींचं तेच झालं. पाणी वरून वाहून तळाला साचत होतं, आग गाठींच्या पोटात सरकत होती.

२ वाजून १६ मिनिटं

अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात पहिली वर्दी पोहोचली. ही वर्दी देण्यातच घोटाळा झाला. जहाजावर स्फोटकं आहेत हे कळवायला टेलिफोन हवा होता. तो लागेना, म्हणून काच फोडून साधा धोक्याचा इशारा दिला गेला. त्यातून एवढंच समजत होतं की गोदीत कुठेतरी आग आहे. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन बंब निघाले.

सुमारे अडीच

बंबवाल्यांनी कोठीत काय आहे ते ऐकलं आणि ताबडतोब जादा कुमक मागवली. आणखी आठ बंब निघाले. याच सुमारास लष्कराच्या आयुध विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट जहाजावर चढले. त्यांनी मालाचा नकाशा पाहिला आणि परिस्थिती ओळखली. आग वरच्या मजल्यापर्यंत गेली तर सगळी गोदी उडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जहाज जागेवरच बुडवा, हा त्यांचा सल्ला होता.

पण सल्ला देणं एवढंच त्यांच्या हातात होतं. दारूगोळा लष्कराचा होता, जहाज लष्कराचं नव्हतं.

पावणेतीन ते तीन

अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आले. नौदलाचे अधिकारी आले. कप्तान नेस्मिथ तिथेच होते. आता धक्का क्रमांक १ वर प्रत्येक खात्याचा मोठा माणूस हजर होता आणि तीन मतं समोर होती.

एक, जहाज बुडवायचं. पण गोदीत पाणी उथळ होतं. जहाजाच्या तळाखाली काही फुटांचंच अंतर उरत होतं. तळाला टेकलं असतं तरी वरच्या कोठ्या कोरड्याच राहिल्या असत्या, असा आक्षेप निघाला. दोन, टगबोटींनी ओढून बाहेर समुद्रात न्यायचं. गोदी आणि वस्ती वाचावी यासाठी सॅडलर यांना हेच योग्य वाटत होतं. पण जहाज हलवायचं, तर धक्क्यावरून चाललेलं पाणी तोडावं लागणार आणि आगीला मोकळं रान मिळणार. तीन, इथेच विझवायची. कूम्ब्स यांचे लोक तेच करत होते.

प्रत्येक मत आपापल्या परीनं बरोबर होतं. या तिन्हींपैकी कुठलाही एक निर्णय पूर्ण ताकदीनं अमलात आला असता तर काहीतरी वाचलं असतं, असं मला वाटतं. निर्णय झालाच नाही. नेस्मिथ यांना मालकांच्या आणि सरकारच्या परवानगीशिवाय जहाज बुडवायचा अधिकार आपल्याकडे आहे असं वाटत नव्हतं. सॅडलर यांचा अधिकार गोदीपुरता. कूम्ब्स यांचा आगीपुरता. नौदलाचा अधिकार नौदलाच्या जहाजांवर, आणि हे जहाज नौदलाचं नव्हतं. ही जर एल हिंदवरची आग असती, तर शिडीवरून वर चढलेल्या पहिल्या वरिष्ठ नौदल अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा ठरला असता. फोर्ट स्टिकीनला युद्धाचा भार दिला होता, युद्धाची शिस्त दिली नव्हती.

सव्वातीन

जहाजाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, करड्या रंगाला फोड येऊ लागले. पत्रा इतका तापला होता की रंग उकळून गळत होता. आगीचं नेमकं ठिकाण प्रथमच बाहेरून कळलं. तिथे पत्रा कापून आतल्या गाठींवर थेट पाणी मारायचं ठरलं. कापायचं यंत्र आणलं, पण ते काम जमलं नाही.

एव्हाना बत्तीस नळांतून पाणी पडत होतं. एकूण ९०० टनांहून जास्त पाणी त्या कोठीत गेलं. आणि त्यानंच घात केला. पाणी चढू लागलं तशा जळत्या गाठी तरंगून वर आल्या. ज्या मजल्यावर स्फोटकं होती त्या मजल्याकडे आग आपल्याच हातांनी उचलून दिली जात होती. बंबवाल्यांच्या पायाखालचा डेक तापून पाय ठरेनासे झाले. तरी कुणी हललं नाही. दूरवरच्या धक्क्यांवर, जहाजांच्या कठड्यांवर बघे उभे होते. लाल बावटा नव्हता, त्यामुळे ही साधी कापसाची आग आहे असंच त्यांना वाटत होतं.

३ वाजून ५० मिनिटं

धुराचा रंग बदलला आणि कोठीच्या तोंडातून ज्वाळा उसळली. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. दुपारपासूनचा हा पहिला हुकूम, जो सगळ्यांनी ऐकला. माणसं शिडीवरून, दोरांवरून, उड्या टाकून खाली आली. खाली आलेल्या बंबवाल्यांनी धक्क्यावरून पुन्हा नळ धरले. निघून जा असं त्यांना म्हणता आलं असतं. पण आगीवर नळ धरून असलेला माणूस आग समोर असताना पाठ फिरवत नाही, आणि ते पळाले नाहीत हे या शहरानं विसरू नये. जहाजावर कुणी राहिलं तर नाही ना, हे पाहायला नेस्मिथ पुन्हा वर गेले.

४ वाजून ६ मिनिटं

दोन नंबरच्या कोठीतली स्फोटकं फुटली. जहाजाचे दोन तुकडे झाले. नेस्मिथ आणि धक्क्यावरचे बंबवाले जागच्या जागी गेले. गोदीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ याच वेळेवर थांबलं.

गोदीतलं पाणी भिंतीसारखं उठलं. सिंदियाचंच 'जलपद्मा', सुमारे ४,००० टनांचं जहाज, त्याचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर आडवा पडला. जळत्या कापसाचे गोळे आणि तापलेले पोलादी तुकडे मांडवीपासून मशीद बंदरापर्यंतच्या गोदामांवर, घरांवर, रस्त्यांवर कोसळले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापकावर नोंद झाली, आणि थेट सिमल्यापर्यंत जमिनीचा हादरा नोंदला गेला. आवाज ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेल्याचं सांगतात. भाजे गोदीपासून सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटरवर आहे.

साडेचारनंतर

पहिल्या स्फोटातून वाचलेले जखमींना ओढून काढत होते, मदतीला आणखी माणसं आत शिरत होती. तेवढ्यात, जेमतेम अर्ध्या तासानं, जहाजाच्या मागच्या चार नंबरच्या कोठीतला साठा फुटला. तिथे जवळपास ७९० टन स्फोटकं होती. पहिल्यापेक्षा हा दुसरा स्फोट मोठा होता. मदतीला धावलेले पुष्कळ जण त्यात सापडले.

जहाजामागून जहाज पेटत गेलं. एल हिंद, बरोदा, फोर्ट क्रेव्हियर, डच जहाजं, इजिप्तचं एक, पनामाचं एक. तेराच्या आसपास जहाजं कायमची गेली. जपान्यांनी मुंबईवर बॉम्ब टाकले अशी हूल उठली. ती उगाच नव्हती, कारण त्याच आठवड्यांत इंफाळ आणि कोहिम्यापाशी जपानी सैन्य भिडलेलं होतं. लोक पोरंबाळं घेऊन स्टेशनांकडे धावले.

रात्र, आणि पुढचे तीन दिवस

दाणा बंदरची गोदामं जळत राहिली. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग होतं, बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली होती. अशा वेळी ५० हजार टनांहून जास्त धान्य इथे खाक झालं. लष्करानं, नौदलानं, नागरिकांनी मिळून आगीचा पट्टा तोडला. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ८० हजारांच्या आसपास लोक बेघर झाले.

सरकारनं बातमीवर सेन्सॉर बसवला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं १५ एप्रिललाच ही बातमी जगाला सांगितली. मुंबईच्या वृत्तपत्रांना ती सविस्तर छापायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. ज्यांच्या घरचा माणूस कामावरून परतला नव्हता, त्यांना महिनाभर वर्तमानपत्रात काही वाचायला मिळालं नाही.

त्यानंतर

८ हजार माणसं सात महिने ढिगारा उपसत होती. पाच लाख टनांच्या आसपास राडारोडा निघाला. सोन्याच्या विटांपैकी एक मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली होती. ती त्यांनी इमानानं परत केली. बाकीच्या विटा गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कुणीतरी निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटमुळे कापूस पेटला असावा, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. त्याच आयोगानं आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. कापूस आणि स्फोटकं एकत्र भरणं चूक होतं, आणि आगीच्या वेळी सर्व सूत्रं हातात असलेला एकही माणूस तिथे नव्हता. लोकांच्या बोलण्यात मात्र विडीकाडी ओढणारा हमालच राहिला. मला हा अन्याय वाटतो. सिगारेट कुणाची ते कधीच सिद्ध झालं नाही. कराचीत कोठी कशी भरली, मुंबईत बावटा का लावला नाही, तराफ्यांवाचून काम का रेंगाळलं, हे सगळं कागदावर आहे.

त्याच सुमारास सरकारला दुसरीही एक गोष्ट उमगली होती, की नौदल वाढवायचं तर जहाजांइतकीच माणसं घडवावी लागतात. १५ फेब्रुवारी १९४५ ला, स्फोटाला दहा महिने झाले असताना, लोणावळ्याला 'शिवाजी' हे नौदलाच्या यंत्र अभियंत्यांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. आजचं आय.एन.एस. शिवाजी ते हेच. समुद्र न दिसणाऱ्या या घाटमाथ्यावर आजही नौदलाची पोरं आग कशी रोखायची, पाणी घुसलेलं जहाज कसं सावरायचं, हे शिकतात.

मृतांचा नेमका आकडा कधीच लागला नाही. ८०० पासून १,३०० पर्यंत आकडे सांगितले जातात. बंबवाले ६६ गेले. त्यांची नोंद पक्की आहे, कारण ते पगारपत्रकावर होते. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. गोदी कामगारांना नियमित हजेरी आणि कामाची हमी देणारा कायदा झाला तो १९४८ मध्ये. १९४४ च्या त्या दुपारी कोठीत कोण उतरलं होतं ते मुकादमाच्या वहीत असेल तर असेल.

व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या कंटेनरच्या जागेसाठी आता बुजवल्या गेल्या आहेत. तेव्हा शोधायचं ते तिथे नाही, आपल्या घरांत आहे. मावळ, जुन्नर, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या कुठल्याही गावात तुमच्या पणजोबांपैकी, चुलत आजोबांपैकी कुणी गोदीत कामाला होतं आणि १९४४ च्या चैत्रात परत आलं नाही, असं ऐकलं असेल, तर त्याचं नाव, गाव आणि टोळी जेवढं आठवतं तेवढं लिहून काढा. गावच्या वाचनालयात एक प्रत ठेवा, एक मुंबई बंदराकडे पाठवा. घरात हे सांगू शकणारं म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यातच विचारा.